पुस्तकाच्या किमतीत कागद किती आणि हक्क किती?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या बाजारपेठेत दर साली एक ठरलेला हिशेब सुरू होतो. मुलाला कॉलेजात घालायचे तर फी किती, बस-रेल्वेचा पास किती, बाहेरगावी ठेवायचे तर खोलीचे भाडे किती, याची बेरीज दुकानात, कारखान्यात, मागावर उभ्या उभ्या मांडली जाते. या बेरजेत पुस्तकांचा आकडा बहुधा शेवटी येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. प्रवेश होतो, फी भरली जाते आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी मुलगा पुस्तकांची यादी घेऊन समोर उभा राहतो. तोवर हातातली रक्कम संपलेली असते. मग यादीतले एक पुस्तक विकत, दोन मित्राकडून मागून, आणि उरलेल्यांच्या जागी परीक्षेच्या तोंडावर गाइड, अशी वेळ भागवली जाते.

व्यापाराच्या पानावर पुस्तकांचे काय काम, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, पुस्तक हाही माल आहे. त्याला कागद लागतो, छपाई लागते, बाइंडिंग लागते, गाडीभाडे लागते, दुकानदाराचे कमिशन लागते. आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. तागा हातात आला की सूत किती, मजुरी किती, रंगाई किती आणि मधल्या हातांचे किती, हे आम्ही बोटांवर सांगतो. तीच नजर पुस्तकावर टाकली तर एक गोष्ट चटकन दिसते. पुस्तकाच्या किमतीत एक असा भाग आहे की जो कागदाच्या भावाने चढत नाही आणि उतरतही नाही. तो भाग आहे छापण्याच्या हक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा. कॉलेजचे शिक्षण स्वस्त करायचे तर हा भाग समजून घेतल्यावाचून इलाज नाही.

एकच माल, दोन भाव

आपल्याकडे परदेशी कंपन्यांची विज्ञानाची, अर्थशास्त्राची पुस्तके मिळतात. त्यातल्या कितीतरी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर छापलेले असते की, ही आवृत्ती केवळ भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ वगैरे देशांत विक्रीसाठी आहे. तेच पुस्तक अमेरिकेत कितीतरी पट महाग. कागद जरा भारी, पुठ्ठा जाड, पण आतला मजकूर बहुतेक तोच.

या दोन भावांतला फरक सुपाप किर्तसेंग या थायलंडच्या विद्यार्थ्याने हेरला. हा तरुण १९९७ साली गणित शिकायला अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात आला. तिथले भाव पाहून त्याने मायदेशीच्या नातेवाइकांना व मित्रांना सांगून तीच इंग्रजी पुस्तके थायलंडमधून मागवली, अमेरिकेत विकली, त्यांचे पैसे परत केले आणि नफा स्वतःकडे ठेवला. जॉन वायली या प्रकाशन कंपनीने त्याच्यावर दावा लावला. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०१३ मध्ये सहा विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने लागला. प्रकाशकाच्या परवानगीने छापलेली प्रत एकदा कायदेशीर विकली गेली की ती पुढे विकण्याला तो आडकाठी करू शकत नाही, मग ती प्रत कोणत्याही देशात छापलेली असो, असे न्यायालयाने ठरवले.

आम्हाला या खटल्यातून कायद्यापेक्षा धंद्याची गोष्ट शिकायला मिळते. थायलंडहून टपालखर्च भरून आणलेले पुस्तक अमेरिकेत नफ्याने विकले जात असेल, तर त्या पुस्तकाची अमेरिकेतली किंमत कागद-छपाईची नव्हे, हे उघड आहे. ज्या बाजारात गिऱ्हाइकाची जेवढी ऐपत, तेवढा भाव. हे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही, धंदा असाच चालतो. पण गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानात जाण्याची मोकळीक असली तरच असा धंदा सरळ राहतो.

घेणारा एक, ठरवणारा दुसरा

पाठ्यपुस्तकाच्या बाजारात ही मोकळीक नसते. आमच्या दुकानात बाई साडी घ्यायला येतात, दहा साड्या उलगडून पाहतात, भाव पटला नाही तर समोरच्या दुकानात जातात. कॉलेजच्या मुलाला असे करता येत नाही. कोणते पुस्तक घ्यायचे ते प्राध्यापक आणि विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवणार, पैसे बाप मोजणार. ठरवणाऱ्याच्या खिशाला झळ नाही आणि मोजणाऱ्याला बोलण्याची सोय नाही. औषधाच्या दुकानात डॉक्टरच्या चिठ्ठीचे जे, तेच इथे यादीचे.

अशा बाजारात भाव कुठे जातो, त्याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. तिथल्या सरकारच्या श्रम आकडेवारी खात्याच्या हिशेबाप्रमाणे जानेवारी २००६ ते जुलै २०१६ या काळात कॉलेजच्या पाठ्यपुस्तकांचे भाव ८८ टक्के वाढले. त्याच काळात एकूण महागाई वाढली २१ टक्के. कागद काही चौपट महाग झाला नव्हता. दर थोड्या वर्षांनी नवी आवृत्ती काढायची, प्रकरणांचा क्रम आणि उदाहरणांचे क्रमांक बदलायचे, की जुन्या पुस्तकांचा बाजार बसला. पुढे तर पुस्तकाबरोबर गृहपाठासाठी संगणकाची एक किल्ली विकण्याची रीत आली. ती मुदत संपली की बाद. एका मुलाने वापरलेली किल्ली दुसऱ्याच्या कामाची नाही.

आपल्याकडे पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, मुंबईत फोर्टच्या पदपथांवर जुन्या पुस्तकांच्या विक्रीवर कितीतरी मुलांचे शिक्षण पार पडले आहे. पण इथेही अभ्यासक्रम बदलला की जुने पुस्तक रद्दीच्या भावाने जाते. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार विद्यापीठांचे अभ्यासक्रम गेल्या काही वर्षांत बदलले आहेत. थोरल्या भावाची पुस्तके धाकट्याला चालत नाहीत, हे ज्यांची दोन मुले पाठोपाठ कॉलेजात आहेत त्यांना आम्ही सांगायला नको.

खुले पुस्तक म्हणजे काय

यावर जगात एक तोड निघाली आहे. तिला खुले पाठ्यपुस्तक म्हणतात. खुले आणि मोफत हे दोन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात, पण धंदा करणाऱ्याने त्यांतला फरक नीट समजून घ्यावा.

मोफत पुस्तक म्हणजे मालकाने आपल्या विहिरीवर तुम्हाला पाणी पिऊ दिले. खुले पुस्तक म्हणजे मालकाने विहीर गावाच्या नावे लिहून दिली. पहिल्या विहिरीला उद्या कुलूप लागू शकते. दुसरीचे पाणी पिता येते, घरी नेता येते, शेताला पाट काढता येतो, आणि विहीर दिलेल्या माणसाला ती परत मागता येत नाही.

ही लिहून देण्याची कायदेशीर सोय क्रिएटिव्ह कॉमन्स नावाच्या संस्थेने केली. संस्था २००१ साली निघाली आणि तिचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये जाहीर झाले. लेखक आपला कॉपीराइट सोडत नाही, पण पुस्तकावरच छापून देतो की, माझे नाव ठेवा आणि हे पुस्तक छापा, वाटा, बदला, भाषांतर करा, मला विचारायला येऊ नका. एकदा दिलेला परवाना त्या प्रतीपुरता मागे घेता येत नाही.

या परवान्यांत प्रकार आहेत. कापडाच्या लेबलावर सुती की मिश्र हे जसे आपण पाहतो, तसे ही अक्षरे पाहावीत. नुसते ‘बीवाय’ लिहिले असेल तर लेखकाचे नाव द्या आणि हवे ते करा, छापून विकलेत तरी चालेल. ‘एनसी’ असेल तर नफ्यासाठी विकता येणार नाही. ‘एसए’ असेल तर तुम्ही केलेले भाषांतरही त्याच अटींवर खुले ठेवावे लागेल. आणि ‘एनडी’ असेल तर मजकूर बदलून किंवा भाषांतर करून तो पुढे देता येणार नाही. चार जोड्या अक्षरे आहेत. एवढे ओळखता आले तरी पुष्कळ काम झाले.

ह्यूस्टनचे उदाहरण

अमेरिकेत टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात राइस विद्यापीठ आहे. तिथले विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक रिचर्ड बॅरानियुक यांनी १९९९ साली अभ्यासाचे साहित्य सर्वांना खुले करण्याचा उद्योग सुरू केला. त्यातून पुढे ओपनस्टॅक्स ही संस्था उभी राहिली. तिने २०१२ मध्ये पहिली पाठ्यपुस्तके काढली, भौतिकशास्त्र आणि समाजशास्त्र या विषयांची. नंतर रसायन, जीवशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, हिशेबशास्त्र अशी यादी वाढत गेली. संगणकावर किंवा मोबाइलवर ही पुस्तके पूर्ण मोफत उतरवून घेता येतात. छापील प्रत हवी तर ती विकत मिळते.

यासाठी पैसा कोठून आला, हा व्यापाऱ्याचा पहिला प्रश्न. ह्यूलेट फाउंडेशन, गेट्स फाउंडेशन यांसारख्या धर्मादाय संस्थांनी तो दिला. त्यातून लेखकांना मोबदला दिला गेला, इतर प्राध्यापकांकडून मजकूर तपासून घेतला गेला, चित्रे काढून घेतली गेली. जॅकार्डवर नवा नमुना बसवायचा तर नक्षीची कार्डे पाडण्याचा खर्च एकदाच येतो आणि मग त्याच कार्डांवर हवे तेवढे कापड निघते. पुस्तकाचेही तसेच आहे. पहिल्या प्रतीलाच खरा खर्च. तो एकदा कोणी उचलला की पुढच्या प्रतीला फक्त कागद आणि शाई.

व्हर्जिनिया राज्यातील टाइडवॉटर कम्युनिटी कॉलेजने २०१३ मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले. व्यवसाय प्रशासनाचा दोन वर्षांचा संपूर्ण पदवी अभ्यासक्रम त्यांनी असा बांधला की विद्यार्थ्याला एकही पाठ्यपुस्तक विकत घ्यावे लागू नये. एखाद-दुसऱ्या पुस्तकाची सवलत देऊन ते थांबले नाहीत. सगळ्या पेपरांना खुले साहित्य लावल्यामुळे प्रवेश घेतानाच मुलाला कळते की पुस्तकांचा खर्च शून्य.

आणखी एक उदाहरण आम्हाला फार मोलाचे वाटते. जॉन मॅकमरी हे कॉर्नेल विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचे सेंद्रिय रसायनशास्त्राचे पुस्तक १९८४ साली निघाले आणि जगभर चालले. त्यांचा मुलगा पीटर जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस या आजाराशी झुंजत २०१९ मध्ये वारला. मुलाच्या स्मरणार्थ मॅकमरी यांनी आपल्या पुस्तकाची दहावी आवृत्ती जुन्या प्रकाशकाकडे न देता ओपनस्टॅक्सला दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये ती खुली झाली. ओपनस्टॅक्सकडून मिळालेली रक्कम त्यांनी त्या आजारावर काम करणाऱ्या संस्थेला दिली. चालत्या दुकानाची किल्ली एका बापाने अशी लोकांच्या हाती दिली. आज भिवंडीचा किंवा मालेगावचा बी.एस्सी.चा मुलगा हे पुस्तक एक रुपया न देता आपल्या मोबाइलवर उघडू शकतो, आणि हे त्याच्या हक्काचे आहे, चोरीचे नाही.

आपल्याकडे काय आहे, काय नाही

चोरीचा शब्द आला म्हणून सांगतो. आपल्या मुलांचे निम्मे शिक्षण झेरॉक्सच्या दुकानात होते, हे सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील एका झेरॉक्सवाल्यावर आणि दिल्ली विद्यापीठावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या निरनिराळ्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र बांधून हा दुकानदार विद्यार्थ्यांना देत असे. १६ सप्टेंबर २०१६ रोजी एकल न्यायाधीशांनी दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्द्यांच्या तपासणीसाठी प्रकरण परत पाठवले, पण शिकवण्याच्या ओघात लागणाऱ्या मजकुराची नक्कल १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसते, हे तत्त्व कायम ठेवले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

निकाल चांगला झाला. पण त्याचा अर्थ ओढून-ताणून घेऊ नये. शिकवण्यापुरती ही सवलत आहे. पूर्ण पुस्तक छापून बाजारात विकण्याचा परवाना तिने कोणाला दिलेला नाही. ज्याला धंदा उघड्या दाराने करायचा आहे, त्याने सवलतीच्या कडेकडेने चालण्यापेक्षा ज्या मालावर हक्काची अडचणच नाही असा माल हाताळावा.

सरकारी पातळीवर आपल्या देशात पुष्कळ काम झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके मोफत उतरवून घेता येतात, आणि ही संस्था उर्दूतही पुस्तके काढते. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे अभ्याससाहित्य ‘ई-ज्ञानकोश’वर वाचता येते. सात आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ पासून ‘एनपीटेल’च्या द्वारे व्याख्याने सर्वांसाठी ठेवली आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ‘ई-कुंभ’वर अभियांत्रिकीची पदवी-पदविकेची पुस्तके भारतीय भाषांत ठेवली आहेत. त्या भाषांत मराठी आहे आणि उर्दूही आहे. पॉलिटेक्निकला जाणाऱ्या किती मुलांच्या बापांना हे माहीत आहे, ते वाचकांनी आपल्याच मोहल्ल्यात विचारून पाहावे.

मात्र यातले पुष्कळसे पहिल्या विहिरीचे पाणी आहे. एनसीईआरटीचे पुस्तक वाचायला मोफत, पण परवानगीवाचून छापायला मनाई. मोबाइलच्या लहान पडद्यावर चारशे पानांचे पुस्तक वाचून बी.एस्सी. होता येते, असे ज्यांना वाटते त्यांनी स्वतः चाळीस पाने वाचून दाखवावीत. ज्या घरात एक मोबाइल आणि तीन शिकणारी मुले आहेत, तिथे मोबाइलवरचे पुस्तक रात्री अकरानंतर मिळते, आणि मुलीच्या वाट्याला सर्वात शेवटी येते. कागदावरचे पुस्तक उशाला ठेवता येते, त्यावर पेन्सिलने खुणा करता येतात. म्हणून छापण्याचा हक्क महत्त्वाचा आहे.

भाषेचा प्रश्न

आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. आमच्यासारख्या मुलांना अकरावीच्या पहिल्या दिवशी पुस्तक तर बदलतेच, पण भाषाही बदलते. मराठी माध्यमाच्या मुलांची गतही निराळी नाही. मग तो मुलगा एकाच विषयासाठी तीनदा पैसे मोजतो. इंग्रजी पुस्तकाचे एकदा, ते समजावे म्हणून गाइडचे दुसऱ्यांदा आणि गाइडही कळेना म्हणून क्लासचे तिसऱ्यांदा.

कॉलेजचे शिक्षण आपल्या भाषेत देता येते, हे या भागात एकदा करून दाखवलेले आहे. हैदराबाद संस्थानात १९१७ साली दारुत्तर्जुमा, म्हणजे भाषांतराचे खाते, स्थापन झाले आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उघडले. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तिथे विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी हे विषय उर्दूतून शिकवले गेले. त्यासाठी आधी शास्त्रीय शब्द ठरवावे लागले, विद्वानांना पगार देऊन बसवावे लागले आणि पुस्तके छापून घ्यावी लागली. मागे संस्थानचा खजिना होता म्हणून हे झाले. संस्थान गेल्यावर माध्यम इंग्रजी झाले. मराठीत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून स्वतःची पुस्तके तयार करून शिकवले, हेही आपल्यासमोर आहे.

आज भाषांतरातली मोठी अडचण परवानगीची. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३२ मध्ये शिक्षणासाठी भाषांतराचा सक्तीचा परवाना मागण्याची सोय आहे, पण त्यासाठी आधी ठरलेली मुदत जाऊ द्यावी लागते आणि मग अर्ज, नोटिसा, सुनावणी. एवढा खटाटोप कोणती अंजुमन करील? खुल्या पुस्तकाला, ‘एनडी’ नसेल तर, कोणाला विचारावे लागत नाही. चार प्राध्यापकांनी मनावर घेतले तर आज सुरुवात करता येते.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप आमच्याच वाचकांचा असेल. आपल्यात छापखानेवाले आहेत, बाइंडर आहेत, पुस्तकविक्रेते आहेत. त्यांच्या पोटाचे काय? आमचे उत्तर असे की, खुल्या पुस्तकाने हक्काचे भाडे जाते, कारागिराची मजुरी जात नाही. उलट, एका मोठ्या प्रकाशकाच्या एका मोठ्या प्रेसमध्ये छापले जाणारे पुस्तक ‘बीवाय’ परवान्यावर असेल तर ते सोलापूरचा किंवा औरंगपुऱ्यातला छापखानाही छापू शकतो. चांगला कागद, पक्की शिलाई आणि रास्त भाव यांवर धंदा मिळतो. सुताचा व्यापार मोकळा असला की मागवाल्याला काम मिळते, तसेच हे आहे.

दुसरा आक्षेप लेखकांचा. लिहिणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे, यात दोन मते नाहीत. फुकटात काम करून घेणे हा आम्ही जुलूम समजतो. फरक इतकाच की, दर प्रतीमागे रॉयल्टी देण्याऐवजी कामाचे पैसे एकरकमी आणि आगाऊ द्यावेत, जसे नक्षी काढणाऱ्याला देतो.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो झाकून ठेवू नये. परदेशी पुस्तक जसेच्या तसे इथे चालत नाही. गणित, संख्याशास्त्र, भौतिक, रसायन यांचे नियम ह्यूस्टनला आणि इचलकरंजीला एकच आहेत. पण ओपनस्टॅक्सचे हिशेबशास्त्राचे पुस्तक डॉलरात आणि अमेरिकन नियमांनी लिहिलेले आहे. त्यात आपला जीएसटी नाही, २०१३ चा कंपनी कायदा नाही. बी.कॉम.च्या मुलाला ते जमाखर्चाची तत्त्वे समजावील, पण पेपर सोडवून देणार नाही. अशा विषयांची पुस्तके आपल्याच प्राध्यापकांकडून लिहून घ्यावी लागतील.

व्यापाऱ्यांनी काय करावे

आपल्या प्रत्येक गावात अंजुमन, ट्रस्ट, जमात दर साली गरीब मुलांना पुस्तकांसाठी मदत देतात. ही मदत बंद करा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. फक्त हिशेब मांडून पाहा. समजा, चाळीस मुलांना प्रत्येकी दोन हजार रुपये दिले. साल ८० हजार, पाच सालांत चार लाख. पाच वर्षांनी हातात काय राहिले? पुस्तके मुलांकडून विकली गेली, अभ्यासक्रम बदलला, आणि सहाव्या साली रांगेत पुन्हा चाळीस मुले. पैसा सत्कारणी लागला, पण मुद्दल उभे राहिले नाही.

त्यातला चौथा हिस्सा बाजूला काढून तीन कामे करता येतील.

पहिले काम बिनखर्चाचे. मदतीचा अर्ज घेताना मुलाकडून पुस्तकांची यादी घ्या आणि आपल्या ओळखीच्या प्राध्यापकाला विचारा की, यातल्या कोणत्या पेपराला खुले पुस्तक चालेल. प्रथम वर्षाच्या विज्ञान आणि गणिताच्या पेपरांपासून सुरुवात करावी. जे चालेल त्याचे नाव आणि अभ्यासक्रमात लागणारी प्रकरणे एका कागदावर लिहून तो कागद सर्व मुलांना द्या.

दुसरे काम छपाईचे. लागणारी तेवढीच प्रकरणे गावातल्या छापखान्यातून छापून, शिलाई करून घ्या. परवान्याचे पान आणि लेखकाचे नाव पुस्तकात ठेवा, ते काढणे बेकायदा आहे. ‘एनसी’ असेल तर मोफत वाटा. या प्रती मुलाला कायमच्या न देता वर्षअखेर परत घ्या. खुल्या पुस्तकाची जुनी आवृत्ती छापण्यापासून कोणी अडवत नाही, म्हणून तीच प्रत प्राध्यापक मान्य करतील तोवर चालते.

तिसरे काम मोठे आहे. जिथे पुस्तकच नाही, जसे जमाखर्च, जीएसटी, व्यापारी कायदा, तिथे दोन-तीन चांगल्या प्राध्यापकांना योग्य मानधन देऊन सोप्या मराठीत आणि उर्दूत पुस्तक लिहून घ्यावे आणि ते खुल्या परवान्यावर जाहीर करावे. कापडाचे बिल, गाठीची बिल्टी, उधारीची खतावणी यांची उदाहरणे आम्ही व्यापारी देऊ, ती आमच्याकडे ढिगाने आहेत. कायदा बदलला की त्या पुस्तकाचे तेवढे प्रकरण दुसरा कोणी दुरुस्त करू शकेल. नवे पुस्तक लिहायला नको.

आणि शेवटचे, आपल्या संस्थांच्या कॉलेजांतले जे प्राध्यापक विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांवर आहेत, त्यांना आमची विनंती आहे. संदर्भग्रंथांच्या यादीत प्रत्येक पेपराला निदान एक खुले पुस्तक घाला. यादी तुम्ही करता आणि पैसे आम्ही मोजतो, म्हणून हे मागण्याचा आम्हाला अधिकार आहे.

ज्या मुलाने भावाचा पगार आणि आईच्या शिलाईचे पैसे घालून प्रवेश घेतला, तो पुस्तकांवाचून मागे पडला तर पहिल्या वर्षाची फीसुद्धा वाया गेली, असा हा सरळ हिशेब आहे. पुढचा जून यायला वेळ आहे. ज्यांच्या हाती ट्रस्टच्या चाव्या आहेत, त्यांनी येत्या बैठकीत एवढाच विषय घ्यावा की, आपण वाटतो त्या पैशांतले किती कागदाला जातात आणि किती हक्काला.